चॉक्टॉ वंशावळ आणि डॉझ नोंदवही

वंशावळीचा अर्थ तिच्यातील नावांइतकाच ती लिहिणाऱ्याच्या हेतूवरही अवलंबून असतो. उत्तर अमेरिकेतील चॉक्टॉ जमातीचा इतिहास या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

चॉक्टॉंची मूळ भूमी म्हणजे मुख्यतः आजचे मिसिसिपी राज्य. तेथील नानी वाया या मातीच्या प्राचीन टेकाडाला ते मातृस्थान मानतात. त्यांचा समाज मातृवंशीय होता. मूल आईच्या कुलाचे समजले जाई, स्वकुलात विवाह निषिद्ध असे आणि मुलांना वळण लावण्याचा अधिकार बापापेक्षा मामाकडे असे.

डान्सिंग रॅबिट क्रीक येथे २७ सप्टेंबर १८३० रोजी झालेल्या तहाने मिसिसिपीतील उरलीसुरली भूमी अमेरिकन सरकारकडे गेली. १८३१ ते १८३३ या काळात हजारो कुटुंबांना आजच्या ओक्लाहोमात हलविण्यात आले. थंडी, उपासमार व पटकी यांनी वाटेत असंख्य बळी घेतले. काही कुटुंबे मिसिसिपीतच राहिली आणि एकाच कुलाच्या शाखा कायमच्या दुरावल्या. या आघातातून सावरत असतानाच, १८४७ साली, चॉक्टॉंनी आयर्लंडमधील दुष्काळग्रस्तांसाठी वर्गणी जमविली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दुसरा आघात कागदाच्या द्वारे झाला. सामाईक जमीन व्यक्तिशः वाटून जमातीचे शासन संपुष्टात आणावे, या धोरणाने १८९३ साली डॉझ आयोग नेमला गेला. त्याच्या पत्रकांत कुटुंबप्रमुख, वय, लिंग, ‘रक्तांश’ आणि आईबापांची नावे यांची नोंद होई. कुलासाठी मात्र रकानाच नव्हता. चॉक्टॉंनी पूर्वी गुलाम म्हणून बाळगलेल्या कृष्णवर्णीयांची व त्यांच्या संततीची यादी वेगळी केली गेली. तिच्यात रक्तांश नोंदविला जात नसे.

तथापि नोंदवही जमातीच्या विसर्जनाचे साधन म्हणून तयार झाली असली, तरी पुढे तीच जमातीच्या सातत्याचा आधार ठरली. १९५९ साली संमत झालेला, जमातीचे शासकीय अस्तित्व संपविणारा कायदा चॉक्टॉंनी १९७० साली रद्द करवून घेतला. १९८३ च्या संविधानानुसार ओक्लाहोमातील चॉक्टॉ राष्ट्राचे सदस्यत्व त्या नोंदवहीतील ‘रक्ताने चॉक्टॉ’ व्यक्तींच्या वंशजांना मिळते. त्यामुळे आपल्या पणजीचे नाव शोधणाऱ्या वंशजाला प्रथम याच पत्रकांकडे वळावे लागते. मुक्त गुलामांच्या वंशजांना मात्र केवळ त्या वेगळ्या यादीच्या आधारे सदस्यत्व मिळत नाही. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

सारांश, चॉक्टॉंच्या बाबतीत पूर्वजांचा सन्मान करणे म्हणजे या पत्रकांचे दुहेरी वाचन करणे होय: त्यांत उरलेली नावे जपणे, आणि ज्या मातृकुलांना रकाना मिळाला नाही त्यांचा मागोवा भाषेत, स्थलस्मृतीत व घरोघरच्या आठवणींत घेणे.