आडव्या वाऱ्यांत विमान उतरवितांना

विमान वर चढूं लागलें म्हणजे पाहणारे माना उंच करून कौतुक करतात. वैमानिकाची खरी परीक्षा मात्र तें खालीं आणतांना होते. आणि वारा आडवा व झोतांचा असला तर ती विशेष कठीण होते.

विमानविद्येच्या प्रारंभीं ही अडचण फारशी नव्हती. विमानतळ म्हणजे बहुधा एक मोकळें गवताळ मैदान असे, आणि वारा जिकडून येई तिकडे तोंड करून वैमानिक उतरे. पुढें विमानें जड झालीं, पक्क्या धावपट्ट्या आल्या व उतरण्याची दिशा कायमची ठरून गेली. वाऱ्यास असें कांहीं बंधन नाहीं. मुंबईस जुहूचा विमानतळ १९२८ सालीं स्थापन झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथेंच उतरले. तेथील मुख्य धावपट्टीच्या पूर्व टोकावर २६ हा आंकडा आहे; म्हणजे त्या बाजूनें उतरणाऱ्या विमानाचें तोंड सुमारें २६० अंशांकडे असतें. नैर्ऋत्येचा वारा २३० अंशांकडून २० नॉट वेगानें वाहत असला, तर कोन ३० अंशांचा होऊन विमानास बाजूस ढकलणारा भाग निम्मा, म्हणजे १० नॉट होतो. (नॉट म्हणजे ताशीं १.८५२ किलोमीटर.) कोन ९० अंश झाला कीं सगळा वाराच आडवा.

पूर आलेल्या नदींतून समोरच्या घाटास जाणारा नावाडी नावेचें तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगास ठेवतो. नाव तिरपी दिसते, पण पोंचते घाटालाच. वैमानिकहि तेंच करतो. वारा डावीकडून असेल तर नाक डावीकडे वळवून तो धावपट्टीच्या मध्यरेषेवर सरळ येत राहतो. परंतु नाव तिरपी लागली तरी चालतें, चाकें तशीं टेकलीं तर चालत नाहीं. त्यांवर बाजूचा जबर ताण येऊन विमान फिरण्याची किंवा पट्टीबाहेर जाण्याची भीति असते. म्हणून टेकण्यापूर्वीं उजवें पेडल दाबून शेपटीवरील सुकाणूनें नाक रेषेंत आणावें लागतें, आणि त्याच वेळीं डावा पंख किंचित् खालीं झुकवून वाहून जाणें थांबवावें लागतें. मग प्रथम डावें चाक टेकतें, नंतर उजवें, शेवटीं पुढचें. एका चाकावर उतरणारें विमान पाहून प्रवासी घाबरतो. पण तेंच बरोबर असतें.

एकसारख्या वाऱ्याहून झोतांचा वारा अधिक घातक. पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलते. विमान हवेंतून ६५ नॉटनें येत असतां समोरील वारा एकाएकीं १० नॉटनें पडला, तर क्षणभर हवेंतील वेग ५५ उरतो, आणि इतर सर्व तेंच असतां उचल शेंकडा २८ नें घटते. जमीन दोन पुरुष अंतरावर असतांना हें परवडत नाहीं. म्हणून वारा १५ नॉट व झोत २५ नॉट असल्यास, फरकाचा निम्मा भाग, म्हणजे ५ नॉट, नेहमींच्या वेगांत मिळविण्याची पद्धत आहे. भीतीपोटीं याहून पुष्कळ वेग वाढविला, तर विमान पट्टीवर तरंगत राहून तिची लांबी संपवितें.

सेसना १७२ या प्रसिद्ध लहान विमानाच्या पुस्तिकेंत आडव्या वाऱ्याचा १५ नॉट असा आंकडा दिलेला असतो. चांचणींत तेवढ्या वाऱ्यांत तें उतरवून दाखविलें, एवढाच त्याचा अर्थ. नवशिक्यासहि तें साधेल असें अभिवचन त्यांत नाहीं. पेडल पूर्ण दाबूनहि नाक रेषेंत येत नसेल, तर वारा त्या विमानाच्या शक्तीबाहेरचा समजावा. अशा वेळीं इंजिनास पुरती शक्ति देऊन पुन्हां वर जाणें, किंवा दुसरी धावपट्टी अथवा दुसरें गांव गांठणें, यांत कमीपणा मुळींच नाहीं. उलट, शेजारीं बसलेल्यांसमोर लाज वाटते म्हणून हट्टानें खालीं येणाराच अनाडी म्हणावा. पुरेसें इंधन शिल्लक ठेवावें तें याचसाठीं.

चाकें टेकलीं म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. वेग कमी होतो तसतसा पंखांवरील ताबा ढिला पडतो, आणि वाऱ्याकडचा पंख उचलला जाण्याचा संभव राहतो. म्हणून हातांतील चक्र वाऱ्याच्या बाजूस अधिकाधिक वळवीत न्यावें लागतें. जुन्या धर्तीच्या, शेपटीखालीं चाक असलेल्या विमानांत तर भार मुख्य चाकांच्या मागें असल्यामुळें तें गर्रकन् उलटें फिरण्यास टपलेलेंच असतें. तेथें जागेवर नेऊन दोरांनीं बांधीपर्यंत पाय पेडलवरून काढतां येत नाहींत.