चंद्राचा नेम आणि दुर्बिणीचा संगणक

रात्रीच्या आकाशातील सर्वांत ठळक आणि लहान मुलालाही बोटाने दाखविता येणारे लक्ष्य म्हणजे चंद्र. तरीही हौसेने आणलेली संगणकीकृत दुर्बीण पहिल्याच रात्री नेमकी त्याच्या बाजूला जाऊन थांबावी, असा अनुभव अनेकांना येतो. यंत्र घरघरत फिरते, हातातील नियंत्रकावर लक्ष्य गाठल्याची अक्षरे उमटतात आणि नेत्रिकेत मात्र काळोख असतो. मुले हिरमुसतात, दुर्बीण खोक्यात जाते आणि पुष्कळदा तेथेच राहते. दोष बहुधा यंत्राचा नसतो.

१९९२ साली मीड कंपनीच्या एलएक्स-२०० या मालिकेने हौशी निरीक्षकांच्या हाती संगणकाने वळणारी दुर्बीण दिली. अलीकडच्या काही दुर्बिणी कॅमेऱ्याने तारे ओळखून स्वतःच दिशा निश्चित करतात. ज्यांत ही सोय नाही त्यांना दिनांक, वेळ आणि ठिकाण सांगावे लागते. नंतर दोन तारे दाखवून द्यावे लागतात. त्यावरून बाकीचे आकाश त्या गणिताने ठरवितात.

येथेच एक गंमत आहे. दोन तारे नीट दाखविले असतील, तर वेळेतील चूक ताऱ्यांच्या बाबतीत पुष्कळशी भरून निघते. कारण ताऱ्यांची परस्परांतील अंतरे बदलत नाहीत. चंद्र मात्र ताऱ्यांमधून दररोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो. म्हणून स्वाती सापडते, चित्रा सापडते, पण चंद्र सापडत नाही. आपल्या सवयीप्रमाणे ८ मे हा दिनांक ०८/०५ असा भरला, तर अमेरिकी पद्धतीचा नियंत्रक तो ५ ऑगस्ट समजतो आणि चंद्र आकाशाच्या भलत्याच भागात शोधू लागतो. भारतीय प्रमाणवेळेचे साडेपाच तास भरावयाचे राहिले, तरी सुमारे तीन अंशांचा, म्हणजे सहा चंद्रबिंबांच्या रुंदीएवढा फरक पडतो. 'उन्हाळी वेळ' हा पर्याय भारतात बंदच ठेवावयाचा असतो.

ठिकाणाचेही तसेच. संपूर्ण देशाचे घड्याळ एक असले, तरी मुंबई आणि कोलकाता यांच्या रेखांशांत सुमारे साडेपंधरा अंशांचे अंतर आहे. बदली होऊन कोलकात्यास गेलेल्या कुटुंबाने दुर्बिणीच्या स्मरणातील 'मुंबई' तशीच ठेवली, तर पहिला तारा दाखविण्यासाठी ती वळेल तेव्हाच आकाशाचा सुमारे तासाभराचा फरक जाणवेल. शिवाय चंद्र आपल्याला इतका जवळ आहे, की पृथ्वीवरील निरनिराळ्या ठिकाणांहून तो ताऱ्यांमध्ये किंचित निराळ्या जागी दिसतो. हा फरक एका अंशापर्यंत आणि कधी त्याहूनही थोडा अधिक असू शकतो.

उपाय साधे आहेत. तिपाई समतल ठेवावी. वरची लहान शोधक दुर्बीण दिवसाउजेडी दूरच्या पाण्याच्या टाकीवर रोखून मुख्य दुर्बिणीशी जुळवून घ्यावी. त्या वेळी सूर्याकडे चुकूनही रोख जाऊ देऊ नये. डोळा कायमचा जाऊ शकतो. आरंभी कमी वर्धनाची नेत्रिका लावावी. चंद्र सापडला, की यंत्राची गती ताऱ्यांच्या गतीवरून चंद्राच्या गतीवर आणावी. अन्यथा अधिक वर्धन असताना पाहत असलेले विवर पाव तासात दृष्टिक्षेत्राच्या कडेला जाते, आणि रांगेत उभ्या असलेल्या पाहुण्यांच्या वाट्याला दुसरेच काही येते.

आता मुहूर्ताविषयी. कोजागरीला आटीव दुधाबरोबर गच्चीवर दुर्बीण मांडण्याची प्रथा सुंदर खरी. पण विवरे पाहण्यास ती रात्र सर्वांत वाईट. सूर्यप्रकाश समोरून पडल्याने चंद्रावर सावल्याच उरत नाहीत. टायको विवरापासून फाकलेले शुभ्र किरण तेवढे त्या रात्री उत्तम दिसतात. प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेवर, जेथे सावल्या लांब पडतात, तेथे खरी शोभा असते आणि पंचांग येथे चांगले उपयोगी पडते. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातील बारा-बारा अंशांचे अंतर. त्यामुळे ही सीमारेषा कोणत्या रात्री कोठे असेल हे तिथीवरून कळते. शुक्ल अष्टमीच्या सुमारास ॲपेनाइन्स पर्वतरांग उजळते, दशमीला ९३ कि.मी. व्यासाचे कोपर्निकस. षष्ठीला, हवा स्थिर असल्यास, मारे सेरेनिटाटिस या मैदानात सुमारे ८ कि.मी. व्यासाचे एक लहानसे विवर शोधावे. त्याला विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले आहे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे 'विक्रम' जेथे उतरले, ती जागा दक्षिणेस ६९ अंशांवर, चंद्राच्या कडेजवळ आहे. चार इंची दुर्बिणीतून चंद्रावरील सुमारे दोन कि.मी.हून लहान तपशील वेगळा दिसत नाही. तेव्हा यान दिसण्याचा प्रश्नच नाही. मॅन्झिनस विवराच्या आसपासचा तो खडबडीत प्रदेश मात्र दिसतो. चंद्रबिंब मध्यावर आल्यावर नियंत्रकावरील बाणांच्या कळा हलकेच दाबीत दक्षिणेकडे सरकत जावे लागते.