राबतं हाड

स्मशानात राख सावडताना जी हाडं हाताला लागतात, ती बोटांत जरा दाबली तरी त्यांचा चुरा होतो. बहुतेकांची हाडांशी समोरासमोर गाठ पडते ती तिथेच, नाहीतर शाळेच्या प्रयोगशाळेत तारेनं बांधून टांगलेल्या सापळ्याशी. दोन्हीकडे हाड मेलेलं असतं. त्यामुळे हाड म्हणजे कोरडी, कडक, एकदा घडली की न बदलणारी वस्तू असा समज मनात पक्का बसतो. चालत्याबोलत्या माणसाचं हाड तसं नसतं. ते ओलसर असतं, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा शिरलेल्या असतात, कापलं तर त्यातून रक्त येतं. शरीरातल्या सगळ्यात कष्टाळू अवयवांत मी हाडाला फार वरचं स्थान देईन.

चितेत नेमकं काय जळून गेलं, हे घरी उलट बाजूनं तपासता येतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ धुवा, बरणीभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडाभरात हाडाचा आकार तोच राहतो, पण ते लवतं. बारीक हाड असेल तर बोटांनी अगदी सहज वाकवता येतं. व्हिनेगरमधल्या आम्लानं कॅल्शियम आणि फॉस्फरसचा खनिज भाग विरघळवलेला असतो आणि मागे कोलॅजेन या प्रथिनाचं चिवट जाळं उरतं. आगीत याच्या उलट होतं: कोलॅजेन जळतं, खनिज राहतं. जिवंत हाडात वजनानं साधारण दोन तृतीयांश खनिज असतं, आणि दोन्ही भाग एकमेकांत असे गुंतलेले असतात की एकाचा कमकुवतपणा दुसरा सांभाळतो. स्लॅबमध्ये काँक्रीट दाब सोसतं आणि सळई ताण सोसते, तशीच ही वाटणी आहे.

मोठ्या माणसाच्या अंगात 206 हाडं असतात. तान्ह्या बाळात ती पावणेतीनशेच्या आसपास असतात आणि वाढत्या वयात त्यातली काही एकमेकांना जुळून जातात. या 206 पैकी 106 हाडं फक्त हातापायांच्या पंजांमध्ये आहेत, मनगटं आणि घोटे धरून. उरलेल्या सगळ्या देहाला शंभर पुरतात. सुश्रुतसंहितेत हाडांची संख्या 300 दिली आहे आणि चरकसंहितेत 360. हा फरक निष्काळजीपणाचा नाही. दात आणि कूर्चाही त्यांनी हाडांत धरल्या होत्या. सुश्रुतांनी हाडांचे पाच प्रकार पाडले, त्यात कवटीसारखी चपटी, नळीसारखी लांब, वलयासारखी वाकलेली अशी आकारावरून केलेली विभागणी आहे. मृतदेह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा आणि मग एकेक थर घासून काढत आतलं डोळ्यांनी पाहायचं, अशी पद्धतही त्यांनी सांगितली आहे. देहाला हात लावून शिकण्याचा हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

आजही एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘बोन सेट’ मिळवण्याच्या मागे असतो. बऱ्याचदा तो सीनियरकडूनच हातात येतो. एकेकाळी जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या हातातले सापळे मोठ्या प्रमाणात कलकत्त्याहून जात. त्यामागे गरिबांच्या प्रेतांचा जो व्यवहार चाले, तो लाजिरवाणा होता. 1985 मध्ये भारत सरकारनं ही निर्यात बंद केली.

आता मांडीच्या हाडाकडे वळू. आपल्या उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा या एका हाडाचा असतो. मटणाची नळी ज्यांनी ताटात पाहिली आहे, त्यांना लांब हाडाचा मधला भाग माहीत आहे: बाहेर घट्ट भिंत, आत पोकळी आणि त्यात मज्जा. पण पाहण्यासारखं असतं ते टोक. खुब्याच्या सांध्यात बसणारं वरचं टोक उभं चिरलं, तर आत घट्ट हाड नसतंच. केसापेक्षा थोड्याच जाड पट्ट्यांचं जाळं दिसतं. त्या पट्ट्या वाटेल तशा पसरलेल्या नसतात. काही चेंडूसारख्या माथ्यावरून खाली आतल्या भिंतीकडे उतरतात, काही बाहेरच्या भिंतीकडून कमान घेत माथ्याकडे जातात, आणि दोन्ही एकमेकींना जवळपास काटकोनात छेदतात.

1866 च्या सुमारास झुरिकमध्ये हेरमान फॉन मायर या शरीरशास्त्रज्ञानं अशा छेदाची चित्रं काढली होती. कार्ल कुलमान या इंजिनिअरनं ती पाहिली आणि त्याला आपल्याच वहीतली आकृती आठवली. वाकड्या मानेच्या क्रेनवर ओझं टांगलं की लोखंडात दाब आणि ताण कोणत्या रेषांनी वाहतो, याची ती आकृती होती. हाडातल्या पट्ट्या थेट त्याच रेषांवर होत्या. पुढे 1892 मध्ये बर्लिनचे सर्जन युलियस वोल्फ यांनी हा विचार नियम म्हणून मांडला: हाडावर जसं ओझं पडेल, तशी त्याची रचना बदलत जाते. त्यांचं गणित पुढे बरंच दुरुस्त झालं, पण मूळ गोष्ट टिकली. टेनिसपटूच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. अंतराळवीर वजनरहित अवस्थेत महिनोन् महिने राहिला, तर व्यायामाची नीट सोय नसताना त्याच्या खुब्याचं हाड दर महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं.

हा बदल तीन प्रकारच्या पेशी घडवतात. ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी हाडाच्या आत, आपापल्या इवल्या खोल्यांत कोंडलेल्या असतात. त्यांचे बारीक तंतू एकमेकींना भिडलेले असतात. चालताना हाड किंचित, डोळ्यांना न कळेल इतकं वाकतं. त्या वाकण्यानं आतलं पाणी हलतं आणि ही हालचाल त्या पेशींना जाणवते. कुठे सूक्ष्म तडा गेला, कुठे बोजा वाढला, याचा निरोप त्या पाठवतात. मग ऑस्टिओक्लास्ट येतात, आम्ल सोडून जुनं हाड विरघळवतात आणि दोन-तीन आठवड्यांत खड्डा करून निघून जातात. त्यामागून ऑस्टिओब्लास्ट येऊन तो खड्डा नव्या हाडानं भरतात, आणि या भरावाला तीन-चार महिने लागतात. पाडायला आठवडे आणि बांधायला महिने, हा हिशेब ध्यानात ठेवावा असाच आहे, कारण म्हातारपणाच्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ त्यात आहे. वर्षभरात मोठ्या माणसाच्या सापळ्याचा सुमारे दहावा भाग असा नवा होतो.

बाकीची कामंही काही कमी नाहीत. शरीरातलं 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, एकूण किलोभराच्या आसपास. रक्तात ते अगदी थोडं लागतं, 100 मिलिलिटरमागे 9 ते 10.5 मिलिग्रॅम, पण तेवढं लागतंच. कमी पडलं की स्नायूंना पेटके येतात, हृदयाची लय बिघडते. म्हणून गळ्यातल्या चार चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तावर सतत नजर ठेवतात आणि उणीव दिसली की हाडांतून कॅल्शियम काढायला लावतात. अंगावर पाजणाऱ्या आईच्या हाडांतूनही असंच कॅल्शियम जातं आणि पाजणं थांबल्यावर ते बहुतांशी भरून येतं. नाचणीत 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं. आपल्या घरांत बाळंतिणीच्या खाण्यात नाचणीला जागा आहे, ती शहाणपणाचीच.

रक्तही हाडातच तयार होतं, हे 1868 मध्ये एर्न्स्ट नॉयमान यांनी दाखवलं. मोठ्या माणसात ही तांबडी मज्जा मुख्यतः मणके, कमरेची हाडं, बरगड्या आणि छातीचं मधलं हाड यांत असते. तिथून दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी बाहेर पडतात. मज्जेची तपासणी करायची असते, तेव्हा डॉक्टर कमरेच्या मागच्या हाडात सुई घालतात ती यामुळेच.

हाड जे मिळेल ते घेतं, आणि कधी तेच त्याला भोवतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत खडकातलं फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की आधी दात डागाळतात. पाण्यात फ्लोराइड त्याहून बरंच जास्त असेल, तर पुढे अस्थिबंधही हाडासारखे कडक होतात, पाठ ताठते, माणसाला नीट वाकता येत नाही. तुरटी आणि चुना वापरून हे फ्लोराइड काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनं विकसित केली. अशा गावांत तरण्या वयात जखडलेली पाठ ही पाण्याची गोष्ट आहे, नशिबाची नव्हे. ती रोखता येते, आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होणं मला सहन होत नाही.

पन्नाशीनंतर बायकांमध्ये इस्ट्रोजेन घटतं आणि ऑस्टिओक्लास्टांचा वेग वाढतो. पाडणाऱ्यांपाठोपाठ बांधणाऱ्यांना तेवढी मजल मारता येत नाही, पट्ट्या विरळ होत जातात, आणि एक दिवस आजी मोरीत घसरते आणि खुबा मोडतो. ‘आजीची हाडं झिजलीत, तिला उठू देऊ नका’ असं घरोघरी मायेनं म्हटलं जातं. हाडाच्या दृष्टीनं हे उलटं आहे. बसून राहिलेल्या अंगात ऑस्टिओसाइटांना कसलाच निरोप मिळत नाही आणि उरलेलं हाडही निघून जायला लागतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी पेशंटला वॉकर देऊन उभं करतात. फुप्फुसं, स्नायू आणि हाडं, तिघांसाठीही ते गरजेचं असतं. ठिसूळ हाडांच्या माणसानं उड्या मारू नयेत, कोणता व्यायाम करावा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. पण जिन्याचा कठडा धरून रोज चढणं-उतरणं बहुतेकांना जमण्यासारखं असतं.

खरी शिल्लक मात्र त्याच्या फार आधी पडलेली असते. हाडं सगळ्यात भरीव होतात ती तिशीच्या आत. त्यातही वयात येतानाच्या दोन वर्षांत, म्हणजे मुलींच्या बाबतीत बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमाराला, मोठेपणीच्या एकूण हाडाचा जवळजवळ चौथा हिस्सा तयार होतो. आपल्याकडे कितीतरी मुलींना नेमकं याच वयात मैदानावरून घरी बोलावलं जातं. ‘आता मोठी झालीस’ म्हणून खेळ बंद होतो. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण हाडाला ओझं हवं असतं, तेही एकदम येणारं आणि दिशा बदलणारं. झटकन उठून पळणं, वळण घेणं, एका पायावर लंगडणं, झेप घेऊन जमिनीवर येणं: हे सगळं खो-खो, लंगडी आणि कबड्डीत आहे. त्यासाठी कसलंही यंत्र लागत नाही. दोन खांब, मोकळी जागा आणि मुलीला संध्याकाळचा तासभर लागतो.