विश्लेषण : फोटोतील धुके काढणारी पट्टी दडते कुठे?

पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरला जाऊन आलेल्या कोणाच्याही मोबाइलमध्ये ब्रह्मगिरीचा एखादा तरी पांढुरका फोटो असतोच. प्रत्यक्षात डोंगराचा हिरवा उतार दिसत असतो, फोटोत मात्र सगळ्यावर दुधाळ पडदा येतो. पहाटेच्या गोदाघाटावरही हीच गत. हा पडदा विरळ करणारी ‘डिहेझ’ ही सुविधा फोटो संपादनाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती सापडत नाही. कधी ती दुसऱ्याच विभागात असते, कधी करडी होऊन बसते. एका प्रकरणात तर ती विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या पोटात असूनही ग्राहकाला दाखवलीच गेली नव्हती.

‘डिहेझ’ नेमके काय करते?

हवेतील बाष्प आणि धूळ प्रकाश विखुरतात. दूरच्या वस्तूकडून येणाऱ्या प्रकाशात हा विखुरलेला उजेड मिसळतो आणि काळा रंग राखाडी, हिरवा रंग फिकट दिसू लागतो. अंतर जितके जास्त, तितकी भेसळ जास्त. म्हणूनच नुसता ‘कॉन्ट्रास्ट’ वाढवून भागत नाही: जवळचे देऊळ काळेकुट्ट होते आणि मागचा डोंगर होता तसाच राहतो. २००९ मध्ये कायमिंग हे, जियान सुन आणि शिआओऊ तांग या संशोधकांनी एक साधे निरीक्षण मांडले. धुके नसलेल्या बाहेरच्या दृश्यात, आकाश वगळता, जवळपास प्रत्येक छोट्या तुकड्यात लाल, हिरवा वा निळा यांपैकी एक तरी रंग काही बिंदूंत अगदी क्षीण असतो. तो तसा नसेल, तर वरून किती धुके मिसळले आहे याचा अंदाज बांधता येतो आणि तेवढे वजा करता येते. आकाशाला हा नियम लागू पडत नाही. त्यामुळे अशी साधने जास्त ताणली, की आकाश गडद, निळसर आणि दाणेदार होते.

२०१५ मध्ये काय घडले होते?

अडोबी कंपनीने एप्रिल २०१५ मध्ये ‘लाइटरूम’ची नवी आवृत्ती दोन रूपांत आणली. एक ‘लाइटरूम ६’, एकदाच पैसे भरून कायमची घ्यायची. दुसरी ‘लाइटरूम सीसी’, वर्गणी भरत राहायची. आतले यंत्र एकच. जूनमध्ये अद्ययावत आवृत्ती आली आणि तिच्यात ‘डिहेझ’ची पट्टी दिसू लागली, पण केवळ वर्गणीदारांना. एकरकमी पैसे मोजलेल्यांच्या पडद्यावर ती जागा रिकामीच होती.

गंमत अशी, की धुके काढण्याचे गणित त्यांच्याही संगणकात उतरले होते. ते चालवणारी पट्टी तेवढी लपवलेली होती. हे हेरले स्टू मॅशविट्झ यांनी. लाइटरूममध्ये ठरावीक बदल एका दमात करणाऱ्या ‘प्रीसेट’ नावाच्या फायली असतात आणि त्या आतून साध्या मजकुराच्या असतात. ‘डिहेझ’ची वेगवेगळी मूल्ये लिहिलेले प्रीसेट त्यांनी तयार करून खुले केले. प्रीसेटवर क्लिक केले, की लाइटरूम ६ मुकाट धुके काढू लागे. पट्टी ओढता येत नव्हती, पायरी-पायरीने मूल्य निवडावे लागे, एवढाच फरक.

त्याच वर्षी नाशिकला सिंहस्थ होता. पहिले शाही स्नान २९ ऑगस्टला झाले, म्हणजे ही पट्टी आल्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, ऐन पावसाळी हवेत. लाइटरूम ६ विकत घेतलेल्या छायाचित्रकाराला ही युक्ती ठाऊक असेल, तर घाटावरचे फोटो त्याच दिवशी साफ करता येत होते. ठाऊक नसेल, तर दोनच वाटा उरत: वर्गणी भरा, नाहीतर धुक्यासकट फोटो द्या. नवी सुविधा फक्त वर्गणीदाराला, हे धोरण व्यापार म्हणून समजण्यासारखे आहे. पण ‘तुमच्याकडे ती नाही’ आणि ‘आहे, पण दाखवणार नाही’ यांत ग्राहकाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. लाइटरूम ६ची शेवटची सुधारणा डिसेंबर २०१७ मध्ये आली आणि एकरकमी विक्रीचा हा मार्ग बंद झाला.

वर्गणी भरूनही पट्टी का सापडत नाही?

कारण ती घर बदलते. सुरुवातीला ती ‘इफेक्ट्स’ या खालच्या विभागात होती. एप्रिल २०१८ मध्ये लाइटरूम क्लासिकने ती वर ‘बेसिक’मध्ये आणली. मोबाइलवरील लाइटरूममध्ये ती ‘इफेक्ट्स’मध्येच मिळते. २०१६ चा व्हिडीओ पाहून २०१८ नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधणारा हमखास चुकतो. म्हणून व्हिडीओ कधीचा आहे, हे आधी पाहावे.

लाइटरूममधील विभागांच्या शीर्षकावर माउसचे उजवे बटण दाबले, की सर्व विभागांची यादी उघडते. ज्याच्यापुढे खूण नाही, तो विभाग पडद्यावरून गायब झालेला असतो. चुकून काढलेली खूण परत केली, की विभाग परत येतो. फोटोशॉपमध्ये तर ‘टॅब’ कळीला धक्का लागला, तरी सगळी साधने एकदम नाहीशी होतात. पुन्हा ‘टॅब’ दाबावी. सॉफ्टवेअर नव्याने टाकायची गरज नसते. ‘डार्कटेबल’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ‘हेझ रिमूव्हल’ या नावाने होते. तिथे विभाग धुंडाळण्यापेक्षा वरच्या शोधचौकटीत नाव टाइप करणे सोपे.

पर्याय दिसतो, पण करडा. मग?

फलक छापणाऱ्यांच्या वाट्याला ही अडचण हमखास येते. फोटोशॉपमध्ये ‘डिहेझ’साठी ‘फिल्टर’ मेन्यूतील ‘कॅमेरा रॉ फिल्टर’ उघडता येतो. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि ए. फाइल छपाईच्या सीएमवायके रंगपद्धतीत असेल, तर हा फिल्टर करडा होतो. ‘ब्लॅक अँड व्हाइट’चेही तेच. सॉफ्टवेअर बिघडलेले नसते. ती साधने आरजीबीसाठीच बनलेली असतात. ‘इमेज’ मेन्यूतील ‘मोड’मध्ये जाऊन फाइल पुन्हा आरजीबी करता येते, पण सीएमवायके करताना उडालेले रंग त्याने परत येत नाहीत. भगव्या पताकेचा झळाळ गेला तो गेला. ग्राहकाकडून छपाईची फाइल न घेता कॅमेऱ्यातील मूळ फाइल मागणे बरे. २०२७ च्या सिंहस्थाचे फलक करणाऱ्यांनी एवढे पाळले, तरी बरीच डोकेदुखी वाचेल.

आणि कळीखाली दडलेली नियंत्रणे?

काही सोयी मेन्यूत शोधून सापडणारच नाहीत. काळाराम मंदिराचे उदाहरण घ्या. मंदिर काळ्या पाषाणाचे. कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन दृश्य मध्यम उजेडाचे धरून चालते, म्हणून चौकट मंदिराने भरली की काळा दगड अनेकदा राखेसारखा उमटतो. फोटोशॉपच्या ‘लेव्हल्स’मध्ये डावीकडचा काळा त्रिकोण सरकवला, की दगड पुन्हा काळा होतो, पण किती सरकवायचा? ‘ऑल्ट’ कळ दाबून ठेवून सरकवा. पडदा पांढरा होतो आणि जिथे तपशील बुडू लागला आहे, तेवढेच ठिपके उमटतात. कोरीव कामावर ठिपके दिसू लागले की थांबायचे. मॅकवर हीच कळ ‘ऑप्शन’ नावाने असते. त्याच चौकटीत ‘ऑल्ट’ धरली, की ‘कॅन्सल’चे ‘रीसेट’ होते. चौकट बंद न करता पहिल्यापासून सुरुवात करता येते.

मोबाइलवर कळीची जागा बोट घेते. स्नॅपसीडच्या रुळलेल्या मांडणीत ‘ट्यून इमेज’ उघडल्यावर ‘ब्राइटनेस’ तेवढा दिसतो आणि अनेकांना वाटते, इतकेच आहे. फोटोवर बोट उभे सरकवले, की ‘शॅडोज’, ‘हायलाइट्स’, ‘वॉर्म्थ’ अशी यादी उलगडते. आडवे सरकवले, की निवडलेले मूल्य कमी-जास्त होते. संध्याकाळच्या गंगा आरतीत दिवे लख्ख आणि माणसांचे चेहरे अंधारात गेले असतील, तर आधी ‘शॅडोज’ वाढवावे, मग ‘हायलाइट्स’ थोडे उतरवावे. ‘ब्राइटनेस’ला हात लावला, तर दिव्यांच्या ज्योतींचे पांढरे ठिपके होतील.