मरायला टेकलेलं ऑर्किड: कोणतं वाचवायचं, कोणतं परत पाठवायचं

व्हिडिओत मुळं कापताना पाहिलीत, आता त्यामागचं कारण आणि धंद्याचा हिशेब इथे सावकाश लिहिते.

गिफ्ट म्हणून जातं ते पांढरं-जांभळं ऑर्किड बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असतं. कस्टमर पाच-सातशे रुपये मोजतो, दोनेक महिने फुलं टिकतात, मग पानं लोळतात. मग तो म्हणतो, "तुम्ही झाडच खराब दिलं." हा माणूस पुन्हा साधी कुंडी घ्यायलाही येत नाही. एका झाडाचं मार्जिन किती, आणि असा कस्टमर गेला तर नुकसान किती, तुम्हीच बघा.

पहिली गोष्ट, हे मातीतलं झाड नाही. आपल्या सह्याद्रीत आमरी फांदीला धरून वाढते ना, तसंच हे. पाऊस आला की मुळं भिजतात, वाऱ्याने सुकतात. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं, पाणी लागलं की हिरवं होतं. ते सतत ओलं राहिलं तर आत हवा पोचत नाही आणि मूळ कुजतं.

आता खरी गोम. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं सुरकुततात. तहानलेल्या झाडाचीही पानं अशीच होतात. कस्टमर पान बघतो, "सुकलंय" म्हणतो आणि अजून एक तांब्या ओततो. त्यामुळे पानावरून निदान करायचंच नाही. झाड कुंडीतून बाहेर काढा आणि मुळं बोटांनी दाबून बघा. टणक असेल ते जिवंत. तपकिरी, पोकळ, दाबल्यावर साल निघून आत नुसता दोरा उरतो, ते मेलेलं. मुळांच्या मधोमध मॉसचा घट्ट गोळाही शोधा. रोप लहान असतानाचा तो तसाच राहिलेला असतो. वरून सगळं कोरडं दिसतं आणि हा आत पाणी धरून बसतो.

मग पानांच्या मधला गाभा बघा. फॅलेनॉप्सिसला वाढायला तो एकच शेंडा असतो. तो काळा, मऊ झाला असेल तर मी झाड घेत नाही. बुडाशी कधीकधी पिल्लू फुटतं, पण त्या भरवशावर पैसे घेणं बरं नाही. गाभा हिरवा आणि दोन-तीन मुळं जिवंत असतील तर घ्यायचं.

कात्री स्पिरिटने पुसा आणि मेलेली मुळं कापा. फुलांचा दांडाही कापा, नाहीतर उरलीसुरली ताकद तोच खातो. दालचिनीची पूड मुळांवर फासू नका, चांगलं मूळही कोरडं पडतं. कुंडी मुळं मावतील एवढीच, भोकं भरपूर. आत पाइन बार्क आणि लाकडी कोळशाचे तुकडे. बार्क मिळाली नाही तर नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात, पण दोन-तीनदा भिजवून धुवून घ्या, त्यात क्षार असतात. खत लगेच नाही. नवीन मुळाचं हिरवं टोक दिसलं की कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा.

इंटरनेटवरच्या टिपा थंड, दमट गावांच्या असतात. संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत. झाड पूर्वेच्या खिडकीत, पडद्याआड ठेवा. कूलरच्या खोलीत चालेल, थेट झोतात नको. बोअरचं पाणी जड असतं, मुळांवर पांढरा थर बसतो. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं शुद्ध पाणी वापरा, आरओमधून बाहेर टाकलेलं नाही, त्यात क्षार उलट जास्त. पाणी सकाळी द्या, पूर्ण निथळू द्या, गाभ्यात थेंब राहिला तर कागदाने टिपा. डिसेंबरात रात्री पारा पंधराच्या खाली जातो, तेव्हा झाड घरात घ्या. मात्र त्याआधीच्या गार रात्रीच नवा दांडा फुटायला मदत करतात, हेही कस्टमरला सांगा.

आता पैसे. सामान फार लागत नाही, पण झाड तीन-चार महिने तुमची जागा अडवतं. फुलं यायला वर्षही लागतं. म्हणून माझे दोन दर आहेत: तपासून, कापून, कुंडी बदलून लगेच परत द्यायचे दीडशे रुपये, आणि दुकानात ठेवायचं तर महिन्याचे वेगळे. बहुतेकजण पहिलंच घेतात आणि मलाही तेच परवडतं. फुलांची गॅरंटी द्यायची नाही. झाड घेतानाच मुळांचा फोटो काढून कस्टमरला व्हॉट्सॲप करा, जिवंत मुळं किती ते पावतीवर लिहा. पुढचा वाद तिथेच मिटतो.

स्टॉक भरताना पारदर्शक कुंडीतलीच झाडं निवडा, मुळं बाहेरून दिसतात. सगळ्या कळ्या उमललेलं झाड दुकानात छान दिसतं, पण शेंड्याला दोन-चार बंद कळ्या असलेलं घ्या, घरी जाऊन जास्त दिवस फुलतं. एप्रिल-मेमध्ये मी ऑर्किड मागवतच नाही. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत विकते, आणि उन्हाळ्यात त्या रॅकवर स्नेक प्लांट ठेवते.