खोपा विणणारा नर

सुगरण हा चिमणीएवढा, जेमतेम 15 सेंटिमीटर लांबीचा पक्षी. कन्नडमध्ये त्याला ‘गीजग’ म्हणतात. बंगळूरच्या वायव्येला, अर्कावती नदीवरच्या हेसरघट्टा तलावाभोवतालचं माळरान त्याला मानवतं. खायला गवताचं बी, विणायला लांब हिरवी पाती आणि खोपे टांगायला बाभूळ किंवा शिंदी असली की त्याचं भागतं. फांदी पाण्यावर ओणवलेली असेल तर फारच उत्तम, कारण तिथं साप सहजी पोचत नाही. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस-वारा टाळण्यासाठी खोपे बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात.

मराठीने नाव बाईमाणसाचं दिलं, बहिणाबाईंनीही कौतुक सुगरणीचंच केलं. पण विणकाम करतो तो नर. पावसाच्या सुमारास त्याचं डोकं पिवळंधमक होतं, चेहरा काळसर. पात्याच्या कडेला तो चोचीने खाच पाडतो, ती कड घट्ट धरतो आणि उडतो. वीतभर लांबीची किंवा त्याहून मोठी पट्टी सरकन सोलून येते. अशा शेकडो फेऱ्या होतात. शेजाऱ्याच्या खोप्यातून पट्ट्या पळवण्यातही त्याला काही वावगं वाटत नाही! कोवळ्या नरांचे पहिले खोपे मात्र ओबडधोबडच असतात.

खोपा शिरस्त्राणाच्या आकाराला आला की काम थांबतं. आतून ओल्या मातीचे किंवा शेणाचे गोळे थापलेले असतात. उजेडासाठी त्यावर काजवे चिकटवतात, ही निव्वळ दंतकथा. माद्यांचा थवा येताच वस्तीतले सगळे नर पंख फडफडवत गलका करतात. मादी आत शिरून खोपा पारखते. विणीच्या सफाईपेक्षा तो कुठे टांगला आहे, याला ती जास्त महत्त्व देते. पसंत पडला तरच नर खाली लोंबणारी बोगद्यासारखी नळी विणून तो पुरा करतो. नापसंत खोपे अर्धवट लटकत राहतात.

मादीने अंडी घातली, की नर दुसरा खोपा विणून दुसरी मादी शोधू लागतो. नराचं हे बहुपत्नीत्व सालिम अलींनी अलिबागजवळच्या किहीम इथे निरीक्षणं करून उलगडलं. दोन ते चार पांढरी अंडी उबवणं आणि पिल्लांना किडे भरवणं बहुतेक मादीवरच पडतं. हंगाम सरला की नरही चिमणीसारखे मातकट दिसू लागतात, थवे बोरूच्या बेटांत किंवा उसात रात्र काढतात आणि रिकाम्या खोप्यांत कधी कधी मुनिया बिऱ्हाड थाटतात.