स्कुबा, दमा आणि आमचा ढब्बू

डिसेंबर उजाडला की आपल्या कोल्हापूरकडच्या गाड्या फोंडा घाट उतरून मालवणच्या वाटेला लागतात. पूर्वी सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, सोलकढी प्यायची आणि परत फिरायचे, असा बेत असे. आता त्यात स्कुबा डायव्हिंगची भर पडली आहे. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचे, मासे आणि प्रवाळ पाहून यायचे. दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेले रुग्णही जाता जाता विचारतात, "डॉक्टर, आम्ही केलं तर चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याच घरात वर्षभर शिजत होते, म्हणून आज ते जरा विस्ताराने सांगते.

आमच्या घरात आम्ही दोघे आणि एक बोका. मुले परगावी असतात. हे बँकेतून निवृत्त झाले, मी अजून दवाखाना चालवते. बोक्याचे नाव ढब्बू. २०२१ च्या पावसात दवाखान्याच्या पायरीवर भिजत बसलेले ते पिल्लू आज साडेपाच किलोचे आहे. ह्यांच्या उशाशी झोपणे हा तो आपला हक्क समजत असे.

स्कुबाची टूम ह्यांचीच. हे लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. श्वास रोखून बुडी मारायची आणि तळाची माती मुठीत आणून दाखवायची, ही त्यांची शाळेतली कीर्ती. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा शिकवणारी संस्था आहे, शिवाय मालवण परिसरात खासगी केंद्रेही बरीच आहेत. प्रशिक्षकाने हात धरून थोडा वेळ खाली नेऊन आणायचे, एवढ्यावर ह्यांचे समाधान होणार नव्हते. रीतसर अभ्यासक्रम करायचा होता. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही एका केंद्रावर नाव घालायला गेलो.

तिथे प्रकृतीचा फॉर्म भरून घेतात. त्यात दम्याचा प्रश्न होता. ह्यांना लहानपणी दमा होता, विशीत तो थांबला. टेबलाशी बसलेला मुलगा म्हणाला, "'नाही' लिहा काका, सगळे तसंच लिहितात." ह्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे बाबा, मी पस्तीस वर्षे लोकांकडून फॉर्म भरून घेतलेत. खोटा फॉर्म शेवटी कोणाच्या गळ्यात पडतो ते मला ठाऊक आहे." आणि त्यांनी 'हो' लिहिले. तज्ज्ञांचे पत्र आणल्याशिवाय पाण्यात उतरता येणार नाही, असे प्रशिक्षकाने नम्रपणे सांगितले.

दम्याचा एवढा बाऊ का, हे नीट समजून घ्यायला हवे. पाण्याखाली दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे छातीभर घेतलेली हवा तुम्ही वर येता येता फुगू लागते आणि पृष्ठभागावर तिचे आकारमान दुप्पट होते. श्वास चालू असेल तर ही जादा हवा सहज बाहेर पडते. परंतु दम्यात श्वासनलिका आकसलेल्या असतात. हवा आत अडकली तर फुप्फुसाला फाट पडू शकते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यात टाकीतली हवा कोरडी आणि थंड. तीच दम्याला डिवचते. (टाकीत प्राणवायू भरलेला असतो, हा आणखी एक समज. शिकाऊ माणसाच्या टाकीत आपली रोजचीच हवा असते, फक्त गाळून दाबून भरलेली.)

आम्ही छातीविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी फुंकर मारण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री केली. बसल्या जागी ती ठीक आली. मग ह्यांना फिरत्या पट्ट्यावर जोरात चालवून पुन्हा फुंकर मारायला लावली. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा चौदा टक्क्यांनी घटली होती. व्यायामानंतर दहा टक्क्यांहून अधिक घट झाली तर श्वासनलिका आकसतात असे धरतात. डॉक्टरांनी विचारले, "पहाटे खोकला येतो का?" तेव्हा उलगडा झाला, की हे वर्षभर बाथरूमचा नळ सोडून खोकत होते. मला ऐकू जाऊ नये म्हणून! डॉक्टरच्या नवऱ्याचीही दुखणी अशी नळाखाली दडलेली असतात.

पुढचा प्रश्न आला, "घरात मांजर आहे का?" त्वचेवरच्या चाचणीत मांजराची ॲलर्जी निघाली. लोक मांजराच्या केसांना दोष देतात. खरे तर ॲलर्जी येते ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनाची. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे सूक्ष्म कण घरभर उडतात. ते गाद्यांत आणि पडद्यांत चिकटून राहतात. मांजर घरातून गेले तरी त्यांचा अंश काही महिने तिथेच असतो.

तज्ज्ञांनी सरळ सांगितले, "सर्वांत उत्तम उपाय म्हणजे बोका दुसऱ्या घरी द्या." हे ताबडतोब म्हणाले, "मग समुद्र राहू दे." घरी येईपर्यंत गाडीत कोणी काही बोलले नाही. मी मात्र मनाशी ठरवले होते. समुद्र ही हौस आहे, श्वास ही हौस नव्हे. रात्री धाप लागू लागली असती तर मी ढब्बूची रवानगी बहिणीकडे केली असती आणि त्यापायी महिनाभराचा अबोलाही सोसला असता. सुदैवाने आजार सौम्य होता. काही महिने नेटाने उपाय करून पाहू, अशी तडजोड तज्ज्ञांनी मान्य केली.

ढब्बूला झोपण्याच्या खोलीत कायमची बंदी झाली. ह्यांनी एक तोडगा सुचवला होता, "मी हॉलमध्ये झोपतो, त्याला खोलीत झोपू दे." तो मी फेटाळला. खोलीतले जाड पडदे आणि सतरंजी काढली. चादरी-अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायचे, केरसुणीने धूळ न उडवता ओल्या फडक्याने पुसायचे, बोक्याला कुरवाळल्यावर हात साबणाने धुवायचे. बोक्याला आंघोळ घालण्याच्या भरीस आम्ही पडलो नाही. तिचा उपयोग थोडेच दिवस टिकतो, ओरखडे मात्र बरेच दिवस. पहिले आठ दिवस ढब्बू रात्री दाराशी बसून रडला आणि आतून हे उसासे टाकत राहिले.

जोडीला रोज ओढायचे इनहेलर सुरू झाले. आपल्याकडे याला पंप म्हणतात आणि 'पंपाची सवय लागते' म्हणून घाबरतात. ही भीती निराधार आहे. औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून अगदी अल्प मात्रा पुरते. बरे वाटले म्हणून ते मनाने बंद करणे, हेच खरे घातक.

दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये मी एकटीने अभ्यासक्रम पूर्ण केला. हे तलावाच्या कडेला माझा टॉवेल धरून बसले. माझी अडचण कानांची होती. खाली जाताना बाहेरचा दाब कानाच्या पडद्याला आत ढकलतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारायची, म्हणजे घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते. दुखायला लागायच्या आधीच, साधारण दर मीटरला, हे करायचे. दुखलेच तर थोडे वर यायचे, जोर लावायचा नाही. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी पाण्याखाली जायचेच नाही, मग पैसे भरलेले असोत की नसोत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ह्यांची चाचणी पुन्हा झाली. व्यायामानंतरची घट तीन टक्के. पहाटेचा खोकला गेलेला. तज्ज्ञांनी परवानगीचे पत्र दिले, पण अटींवर: औषध चालूच ठेवायचे, छातीत घरघर असेल किंवा आधीच्या दोन दिवसांत धाप थांबवणारा पंप लागला असेल तर पाण्यात उतरायचे नाही.

तलावात ह्यांची फजिती झाली ती विहिरीमुळे! डोके पाण्याखाली गेले की जन्मभराच्या सवयीने श्वास रोखला जाई. स्कुबाचा तर पहिला नियमच हा, की श्वास कधीही रोखायचा नाही. दीड-दोन मीटरवरून श्वास कोंडून वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. मालवणी प्रशिक्षक सारखा ओरडे, "काकानू, श्वास सोडीत ऱ्हवा!" घरी हे बादलीत तोंड घालून बुडबुडे काढण्याचा सराव करत आणि ढब्बू बादलीच्या काठावर पंजे ठेवून तपासणी करी.

डिसेंबरात आम्ही दोघे किल्ल्याजवळ आठ मीटर खाली गेलो. पाणी थोडे गढूळच होते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे ह्यांच्या बुडबुड्यांभोवती फिरत होते. मी मासे कमी आणि ते बुडबुडेच जास्त पाहत होते. संथ, एकसारखे येत होते. वर आल्यावर ह्यांचे पहिले वाक्य, "ढब्बूला हे दाखवायला हवं होतं."

त्याच दिवशी घाट चढायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा लागतो. म्हणून एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळतात. फोंडा घाट म्हणजे काही हिमालय नव्हे, पण एक रात्र मुक्काम केला तर बिघडत काहीच नाही, माशाचे आणखी एक जेवण मिळते.

तेव्हा दमा, हृदयविकार, फिट्स, कानाच्या पडद्याला छिद्र किंवा फुप्फुसाची जुनी इजा यांपैकी काही असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा आणि फॉर्मवर खरे लिहा. रक्तदाब औषधाने आटोक्यात असला तरी विचारून जा. गरोदर बायकांनी हा बेत बाळंतपणानंतर करावा.

ह्यांची पुढची फुंकर-चाचणी महिनाअखेर आहे आणि ढब्बूची रेबीजची वार्षिक लस त्याच आठवड्यात. दोघांपैकी कोण जास्त कुरकुरते, ते सांगणे अवघड आहे.